नमुन्याचा प्रवास कोणाच्या भरवशावर?

रक्ततपासणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात. एक म्हणजे हातात टोचलेली सुई आणि दुसरी म्हणजे नंतर मिळालेला छापील कागद. या दोहोंच्या मधल्या काळात काय घडते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. पूर्वी तो करण्याची फारशी गरजही नव्हती. ज्या दवाखान्यात रक्त घेतले, तेथेच शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहिले जाई. आता तसे राहिलेले नाही. रक्त काढले जाते एका गावात, यंत्र असते शंभर किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात आणि अहवाल वाचून औषध लिहिणारे डॉक्टर असतात तिसरीकडे. मधला सगळा प्रवास नमुना एकट्याने करतो. आजचा लेख या प्रवासाविषयी आहे.

मी स्वतः रक्त-लघवी तपासणीच्या व्यवसायातला डॉक्टर आहे आणि माझा व्यवसाय खासगी आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यामुळे सरकारी योजनेविषयी मी जे लिहीन ते वाचकांनी तेवढे ध्यानात ठेवून वाचावे.

आपला जिल्हा दक्षिणोत्तर लांबट पसरलेला. उत्तरेला मंडणगड, दक्षिणेला राजापूर, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्री. एकूण नऊ तालुके आणि साठाहून अधिक प्राथमिक आरोग्य केंद्रे. मंडणगडहून रत्नागिरीला यायचे तर खेड, चिपळूण, संगमेश्वर करीत दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. मधे खाड्या, वळणे, घाट आणि महामार्गाचे कधी न संपणारे काम. माणसाला हा प्रवास नकोसा होतो. मग बल्बमधल्या पाच मिलीलिटर रक्ताचे काय होत असेल?

बल्बमधले रक्त जिवंत असते

शरीराबाहेर काढलेले रक्त म्हणजे शाई नव्हे. त्यातल्या पेशी काही काळ जिवंत राहतात आणि जगण्यासाठी त्या साखर खातात. साध्या बल्बमध्ये पेशींसह तसेच ठेवलेल्या रक्तातील साखर खोलीच्या तापमानाला तासाला साधारण पाच ते सात टक्क्यांनी कमी होत जाते. म्हणजे सकाळी १४० असलेली साखर चार तासांनी ११० च्या आसपास दिसू शकते. ज्याला मधुमेह आहे, त्याला "तुम्हाला काही नाही" असे सांगून घरी पाठविण्यास एवढे पुरेसे आहे. म्हणून साखरेचे रक्त फ्लोराइडच्या बल्बमध्ये घ्यायचे असते. फ्लोराइडमुळे पेशींची ही खादाडी थोपवली जाते.

पोटॅशियमची गोष्ट याच्या उलट आहे. ते पेशींच्या आत भरपूर आणि बाहेर अगदी थोडे असते. बल्ब दुचाकीच्या डिकीत तासन्‌तास हिंदकळला, उन्हात तापला, की पेशी फुटतात आणि आतले पोटॅशियम बाहेर येते. अहवालात आकडा भलताच चढलेला दिसतो. "बर्फात ठेवले की सगळे टिकते" ही समजूतही खरी नाही. पेशी वेगळ्या न करता रक्त थंडीत ठेवले तरी पोटॅशियम वाढलेलेच दिसते. खरा उपाय हा की रक्त गोठल्यावर सेंट्रीफ्यूज यंत्रात फिरवून सीरम वेगळे करावे आणि मगच ते प्रवासाला पाठवावे.

लघवीतील जंतूंच्या कल्चरचे तर विचारूच नका. नमुना दोन तासांत पोचला नाही आणि थंड ठेवला नाही, तर त्यात पडलेले चार-दोन जंतू वाढून त्यांची फौज होते. मग नसलेल्या आजारासाठी रुग्णाला भारी प्रतिजैविके घ्यावी लागतात.

प्रयोगशाळांतील चुकांचा जगभर जो अभ्यास झाला आहे, त्याचा निष्कर्ष असा की निम्म्याहून अधिक चुका नमुना यंत्रात जाण्यापूर्वीच झालेल्या असतात. चुकीचा बल्ब, चुकीचे नाव, अपुरे रक्त, उशीर आणि उष्णता. यंत्र लाखाचे असो की कोटीचे, त्यात जे घातले जाते त्याचेच ते उत्तर देते.

काही वर्षांपूर्वी साठी ओलांडलेले एक गृहस्थ मुलाला घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या हातात दुसरीकडच्या तपासणीचा अहवाल होता आणि त्यात पोटॅशियम ६.८ होते. हा आकडा खरा असता तर हृदय केव्हाही थांबू शकले असते. त्यांना ताबडतोब कोल्हापूरला हलविण्याचा सल्ला मिळाला होता, गाडी ठरली होती आणि घरात रडारड झाली होती. गृहस्थ मात्र शांतपणे खुर्चीवर बसून चहा कधी मिळेल ते विचारीत होते. ईसीजी व्यवस्थित होता. पुन्हा रक्त घेऊन लगेच तपासले, तर पोटॅशियम निघाले ४.४. चौकशी करता कळले की पहिले रक्त सकाळी नऊला घेतले होते आणि संध्याकाळपर्यंत ते तसेच पेशींसह पिशवीतून फिरत होते. रुग्ण ठणठणीत होता, नमुना मात्र वाटेतच आजारी पडला होता.

महालॅबने काय साधले

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१५ मध्ये मोफत निदान सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. महाराष्ट्रात २०१७ मध्ये ही सेवा "महालॅब" या नावाने सुरू झाली. राज्य शासनाने त्यासाठी एचएलएल लाइफकेअर या संस्थेशी करार केला. ही संस्था केंद्र सरकारच्याच मालकीची आहे, पण व्यवहार कंत्राटाचा. शासनाने पैसे द्यायचे आणि संस्थेने प्रयोगशाळा उभारून, नमुने गोळा करून, तपासून अहवाल द्यायचे. आपल्याकडे याआधी २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा अशाच पद्धतीने खासगी कंपनीकडे चालवायला देण्यात आली होती. सेवा सरकारी आणि चालविणारा हात बाहेरचा, ही रचना त्यामुळे लोकांच्या अंगवळणी पडली आहे.

या योजनेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पूर्वी थायरॉइडची किंवा मूत्रपिंडाची तपासणी करायची तर आडगावच्या बाईला एक दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचे भाडे मोडून तालुक्याला यावे लागे आणि वर तपासणीचे पैसे. दुसऱ्या दिवशी अहवालासाठी पुन्हा तीच पायपीट. पुष्कळ बायका तपासणीच टाळीत. रुग्णाने प्रवास करण्याऐवजी नमुन्याने प्रवास करावा, ही कल्पना मुळातच शहाणपणाची आहे. गर्भवतीचे हिमोग्लोबीन चौथ्या महिन्यात कळणे आणि बाळंतपणाच्या टेबलावर कळणे, यात एका जिवाचे अंतर असते.

माझा आक्षेप भागीदारीला नाही. भागीदारीत आपण काय मोजतो, त्याला आहे.

जे मोजाल तेच मिळेल

अशा करारांत साधारणपणे तपासण्यांच्या संख्येवर हिशेब होतो. किती रुग्ण, किती तपासण्या, किती अहवाल. वर्षाच्या शेवटी लाखांचे आकडे प्रसिद्ध होतात आणि सगळे खूष होतात. पण पाच तास उन्हात राहून बिघडलेल्या नमुन्याचा अहवालही त्या लाखांत एक म्हणून मोजला जातो. आठ दिवसांनी, रुग्ण बरा झाल्यावर किंवा दगावल्यावर आलेला अहवालही एकच. जो कंत्राटदार काळजीपूर्वक, दोन फेऱ्या जास्त करून नमुने आणतो, त्याचे पेट्रोल जास्त जळते, पण पैसे तेवढेच मिळतात. मग त्याने जास्तीची फेरी का करावी? यात कोणाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही, कराराच्या मांडणीचा आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की नमुन्याची वाहतूक हा तपासणीचाच भाग मानून तिची वेगळी अट, वेगळा दर आणि वेगळा दंड करारात असावा. त्यासाठी पुढील गोष्टी पाहिल्या जाव्यात.

एक, प्रत्येक नमुन्यावर चार वेळा नोंदल्या जाव्यात. रक्त कधी घेतले, वाहकाच्या हाती कधी दिले, प्रयोगशाळेत कधी पोचले आणि अहवाल कधी निघाला. या चार वेळा अहवालाच्या कागदावरही छापल्या जाव्यात, म्हणजे डॉक्टरला आकडा वाचताना किती विश्वास ठेवायचा ते कळेल.

दोन, वाहकाच्या पेटीत तापमान नोंदणारे छोटे उपकरण असावे. लस नेताना आपण शीतपेटी वापरतो, तापमानाची नोंद ठेवतो. लशीची जी काळजी, तीच नमुन्याची का नसावी?

तीन, नाकारलेल्या नमुन्यांची संख्या जाहीर व्हावी. नमुना बिघडला असेल तर प्रयोगशाळेने तसे त्याच दिवशी केंद्राला कळवावे आणि आशाताईंमार्फत रुग्णाला पुन्हा बोलवावे. बिघडलेल्या नमुन्याचा अहवाल देण्यापेक्षा "नमुना अयोग्य" असा शेरा देणे जास्त प्रामाणिकपणाचे.

चार, धोक्याचा आकडा दिसताच प्रयोगशाळेने वैद्यकीय अधिकाऱ्याला फोन करावा. संगणकावर अहवाल टाकला म्हणजे जबाबदारी संपली असे होऊ नये.

पाच, पेटी वाहून नेणाऱ्या मुलाचा विचार व्हावा. ही सगळी यंत्रणा शेवटी भर पावसात दुचाकीवरून जाणाऱ्या विशी-पंचविशीतल्या एका तरुणावर उभी असते. त्याला प्रशिक्षण, रेनकोट, अपघात विमा आणि वेळेवर पगार मिळाला नाही, तर तो दोन महिन्यांत दुसरे काम बघतो आणि साखळी तेथेच तुटते.

आडवाटेचा आणि पावसाचा धडा

जिल्ह्याबाहेरच्या प्रयोगशाळेवर अवलंबून राहणे म्हणजे काय, हे आपण २०२० मध्ये अनुभवले. करोनाच्या सुरुवातीला आपल्या जिल्ह्यातील घशातल्या स्रावाचे नमुने आधी पुण्याला आणि नंतर मिरजेला जात होते. आंबा घाट चढून गाडी जायची आणि अहवाल येईपर्यंत मुंबईहून आलेली माणसे गावाबाहेरच्या शाळांतून वाट पाहत बसलेली असायची. जून २०२० मध्ये रत्नागिरीत प्रयोगशाळा सुरू झाली, तेव्हा कुठे हा ताण हलका झाला.

पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले, वाशिष्ठीच्या पुलाला तडाखा बसला आणि आंबा घाटात रस्ता खचला. जिल्ह्याचे दोन तुकडे झाल्यासारखी स्थिती होती. अशा वेळी "सर्व नमुने जिल्ह्याच्या ठिकाणी" हे धोरण कागदावरच राहते. आणि नेमक्या याच दिवसांत लेप्टो, हिवताप, डेंगी आणि कावीळ डोके वर काढतात. म्हणून करारात पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक हवे. वाशिष्ठीच्या उत्तरेकडच्या तालुक्यांचे नमुने आणीबाणीत कोठे तपासायचे, हे मे महिन्यातच ठरलेले असावे. कामथे, कळंबणी आणि दापोली येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. सावर्ड्याजवळ डेरवणला धर्मादाय रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. गरजेच्या वेळी यांचे दार उघडे राहील अशी बोलणी आधी करून ठेवता येतात. पूर आल्यावर करार होत नसतात.

इतरांनी काय केले

आपल्याहून गरीब देशांनीही यातून वाट काढली आहे. आफ्रिकेतील युगांडाने २०११ च्या सुमारास एक पद्धत बसविली. प्रत्येक भागात एक मुख्य केंद्र आणि त्या केंद्राला एक दुचाकीस्वार. त्याने तीस-चाळीस किलोमीटरच्या परिघातील दवाखान्यांना ठरलेल्या वारी भेट द्यायची, नमुने घ्यायचे आणि जुने अहवाल पोचवायचे. येथे "ठरलेला वार" आणि "अहवाल परत" या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. नमुना नेण्याची व्यवस्था सगळे करतात, अहवाल परत आणण्याची कोणी करीत नाही.

आपल्याच देशात २०१८ मध्ये आग्रा जिल्ह्यात क्षयरोग्यांच्या थुंकीचे नमुने नेण्यासाठी टपाल खात्याची मदत घेऊन पाहण्यात आली. पोस्टमन ज्या गावात जात नाही असे गाव सापडणे कठीण. कोकणात टपाल खाते आहे, एसटीची गावोगाव जाणारी गाडी आहे आणि खासगी कुरिअरवालेही आहेत. भागीदारी म्हणजे एकाच मोठ्या कंपनीला सगळे देणे असा अर्थ घेण्याचे कारण नाही. ज्या वाटेवर जो आधीपासून जातो, त्याला त्या वाटेचे काम, योग्य पेटी, योग्य प्रशिक्षण आणि योग्य मोबदला द्यावा. मात्र एसटीच्या वाहकाच्या हाती ओळखीवर दिलेली प्लास्टिकची पिशवी म्हणजे व्यवस्था नव्हे. गळती होणार नाही असे तीन थरांचे वेष्टण आणि वर नाव-पत्ता, एवढे तरी हवेच.

सगळे नमुने पाठवू नयेत

वाहतूक सुधारली म्हणजे सगळेच बाहेर पाठवावे, असेही नाही. काही तपासण्यांना प्रवास परवडत नाही. फुरसे किंवा घोणस चावलेल्या रुग्णाचे उदाहरण घ्या. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलीलिटर रक्त घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करून पाहायचे. रक्त गोठले नसेल तर विषाचा परिणाम रक्तावर झाला आहे. या तपासणीला ना वीज लागते ना यंत्र आणि तिच्या उत्तरावर प्रतिविषाचा निर्णय होतो. ती आरोग्य केंद्रातच झाली पाहिजे. हिवतापाची काच, हिमोग्लोबीन, गर्भवतीच्या लघवीतील प्रथिने याही तेथेच व्हाव्यात.

क्षयाच्या निदानासाठी गोव्यातील कंपनीने तयार केलेले ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. कधी कधी नमुना यंत्राकडे नेण्यापेक्षा यंत्र नमुन्याकडे नेणे स्वस्त पडते, ते असे.

येथे एक धोका मला स्पष्ट दिसतो. सगळे बाहेर जाऊ लागले, की केंद्रातील तंत्रज्ञाचा हात बसतो आणि सूक्ष्मदर्शकावर धूळ चढते. उद्या करार संपला, कंपनी गेली, तर आपल्याजवळ ना माणूस राहील ना कौशल्य. भागीदारी कुबडी असावी, पण तिच्यामुळे पाय लुळा पडू नये.

यावर कोणी म्हणेल, कंत्राट कशाला, सरकारने प्रत्येक तालुक्याला स्वतःची उत्तम प्रयोगशाळा काढावी. मागणी योग्य आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा उभारण्याची योजनाही जाहीर केली. पण प्रयोगशाळा सरकारी झाली म्हणून मंडणगड रत्नागिरीच्या जवळ सरकत नाही. नमुना कोणाच्याही यंत्रात जाणार असो, त्याला नेणारा हात, पेटी आणि घड्याळ लागणारच.

वाचकांनी एवढे करावे

आरोग्य केंद्रात रक्त द्यायला जाताना नमुने नेणारी गाडी किती वाजता येते ते आधी विचारावे. गाडी गेल्यावर दिलेले रक्त दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहू शकते. आपले नाव, वय आणि मोबाइल क्रमांक बल्बवर व कागदावर नीट लिहिला आहे ना, ते तेथेच उभे राहून पाहावे. थुंकीचा नमुना सकाळी, चूळ भरून, खोल खोकून द्यावा. नुसती लाळ देऊन उपयोग नाही. लघवीचा नमुना घरून आणायचा असेल तर तो लवकर पोचवावा, उन्हात गाडीत ठेवू नये. अहवाल आला नाही तर गप्प बसू नये, विचारावे.

अहवालातील आकडा आपल्या प्रकृतीशी जुळत नसेल, तर घाबरून धावपळ करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना "तपासणी पुन्हा करून पाहू या का?" असे जरूर विचारावे. उलट, भाताच्या चिखलात काम केल्यानंतर ताप, अंगदुखी आणि डोळे लाल झाले असतील तर अहवालाची वाट पाहत घरी थांबू नये. लेप्टोचे औषध नुसत्या संशयावरून सुरू करायचे असते. पहिल्या काही दिवसांत तपासणीत तो दिसत नाही, असेही पुष्कळदा घडते.

प्रत्येक केंद्राला रुग्ण कल्याण समिती आहे. तिच्यावर आपल्यातलीच माणसे असतात. रंग, खुर्च्या, पाण्याची टाकी यांच्याबरोबर तिच्या पुढच्या बैठकीत आणखी तीन प्रश्न विचारले जावेत. गेल्या महिन्यात आपल्या केंद्रातून किती नमुने गेले? त्यांतले किती नाकारले गेले? आणि अहवाल यायला सरासरी किती तास लागले? या तीन आकड्यांचा कागद दर महिन्याला केंद्राच्या फलकावर लागावा. त्याला जास्तीचा निधी लागत नाही. वही, पेन आणि विचारणारी माणसे एवढे पुरते.